हेतुपुरस्सर चूक आणि गोल्फची गाडी

गोल्फच्या मैदानावर खेळाडू आणि त्यांच्या पिशव्या वाहून नेणाऱ्या बॅटरीच्या गाडीत, म्हणजे गोल्फ कार्टमध्ये, छताखाली किंवा सुकाणूच्या शेजारी एक छोटा पडदा बसवलेला असतो. त्यावर चालू होलचा नकाशा उमटतो आणि ग्रीनच्या, म्हणजे झेंडा व खळगा असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, अलीकडच्या कडेपर्यंत, मध्यापर्यंत आणि पलीकडच्या कडेपर्यंत किती यार्ड उरले आहेत ते आकड्यांत दिसते. या उपकरणाची वंशावळ सहसा सरळ सांगितली जाते: अमेरिकी लष्कराने जीपीएसचे उपग्रह सोडले, पुढे त्यांचे संदेश नागरिकांना मिळू लागले, आणि काही उद्योजकांनी ते गोल्फच्या मैदानावर आणले. ही वंशावळ खोटी नाही, पण तिच्यातून एक पूर्वज गाळला गेला आहे, आणि तोच बहुधा सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक. ती चूक नसती तर हा अंतरमापक खेळाडूच्या खिशात जन्मला असता. ती होती म्हणून तो गाडीत जन्मला, असा येथे मांडायचा पक्ष आहे.

जीपीएसचा परिचित इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १९५७ मध्ये स्पुटनिकच्या संदेशाच्या बदलत्या वारंवारतेवरून त्या उपग्रहाची कक्षा काढता येते हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वाइफेनबाख यांनी दाखवले, त्यातून नौदलाची ट्रान्झिट ही यंत्रणा निघाली, १९७८ मध्ये जीपीएसचा पहिला उपग्रह गेला आणि १९९५ मध्ये २४ उपग्रहांची यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत हद्दीत भरकटलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जीपीएस जगाला खुले केले, ही कथा तर प्रत्येक लेखात येते. मात्र तिला मिळणारे श्रेय जरा जास्तच आहे, कारण नागरी संदेश मूळ आराखड्यातच होता आणि भूमापकांसाठी बनवलेले रिसीव्हर १९८२ च्या सुमारासच बाजारात आले होते. रेगन यांनी दार उघडले नाही. दार उघडे राहील एवढी हमी दिली.

खरी गोम पुढे आहे. नागरी वापरासाठी ठेवलेला संदेश जाणूनबुजून ढोबळ राखला होता, पण प्रारंभीच्या चाचण्यांत तोच अपेक्षेपेक्षा कितीतरी अचूक निघाला आणि लष्कराला चिंता वाटू लागली, कारण जो संदेश कोणालाही मिळतो तो शत्रूलाही मिळतो. त्यावर काढलेल्या तोडग्याचे अधिकृत नाव ‘सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी’ असे होते. उपग्रहाचे घड्याळ क्षणाक्षणाला किंचित पुढेमागे हलवले जाई. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जाते. त्यामुळे घड्याळाचे काहीशे नॅनोसेकंदांचे हेलकावे जमिनीवर सुमारे १०० मीटरच्या चुकीत उतरत. मार्च १९९० मध्ये ही चूक अधिकृतपणे लागू झाली, आणि काही महिन्यांतच इराकने कुवेतवर चढाई केल्यावर तिला रजा द्यावी लागली, कारण लष्करी रिसीव्हर पुरेसे नव्हते आणि अमेरिकी सैनिक वाळवंटात बाजारातले नागरी रिसीव्हर घेऊन फिरत होते. युद्ध संपल्यावर १९९१ मध्ये चूक पुन्हा कामावर रुजू झाली.

१०० मीटर ही जहाजाला भर समुद्रात क्षम्य वाटणारी चूक गोल्फमध्ये सगळा खेळच निरर्थक करते. खेळाडूच्या पिशवीत नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, असतात, आणि एका लोखंडी क्लबपासून दुसऱ्यापर्यंत फटक्याच्या पल्ल्यात ढोबळमानाने १० यार्डांचा फरक पडतो. म्हणजे १०० मीटरची चूक असलेला आकडा खेळाडूला कोणता क्लब उचलावा हे सांगत नाही, एवढेच सांगतो की पिशवीतला जवळजवळ कोणताही चालेल. १९८९ मध्ये मॅजेलन कंपनीने हातात मावणारा नॅव्ह १००० हा रिसीव्हर विकायला काढला होता. त्यामुळे तेव्हा खिशाजोगे यंत्रच नव्हते आणि म्हणून गाडीची गरज पडली, हे सोपे स्पष्टीकरण टिकत नाही. यंत्र होते, पण त्याच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

या चुकीला उतारा होता, आणि तो चुकीच्या स्वरूपातच दडलेला होता. घड्याळाचे हेलकावे तुलनेने संथ असत आणि एकमेकांजवळ असलेल्या दोन रिसीव्हरांना ते सारखेच भोवत. त्यामुळे एक रिसीव्हर अशा जागी कायमचा बसवला, की जिचे स्थान भूमापनाने आधीच पक्के ठाऊक आहे, तर उपग्रह जे स्थान सांगतात आणि जे खरे आहे त्यांतला फरक त्याला सतत काढता येतो, आणि तो फरक रेडिओने आसपासच्या रिसीव्हरांना कळवला की तेही आपापला आकडा दुरुस्त करू शकतात. तराजूचा पासंग एकदा कळला की त्या तराजूनेही माल नीट तोलता येतो, तसाच हा व्यवहार आहे. या पद्धतीला डिफरन्शियल जीपीएस म्हणतात आणि तिने १०० मीटरची चूक काही मीटरांवर येते. गंमत अशी की अमेरिकी सरकारचे एक खाते आकाशातून चूक पेरत असताना त्याच सरकारच्या तटरक्षक दलाने, जहाजांना दिशा दाखवणाऱ्या जुन्या रेडिओ दीपस्तंभांच्या वारंवारतांवरून, तिची दुरुस्ती मोफत प्रसारित करायला सुरुवात केली. भारताच्या दीपगृह खात्यानेही किनाऱ्यावर अशी केंद्रे उभारली. मुद्दाम केलेल्या चुकीवर त्याच सरकारने दुरुस्तीचे जाळे विणावे, असा प्रकार तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

१९९० च्या दशकात प्रोशॉट, प्रोलिंक, पारव्ह्यू, अपलिंक अशा अमेरिकी कंपन्यांनी गोल्फ मैदानांसाठी ज्या यंत्रणा उभ्या केल्या त्या याच तत्त्वावर चालत. मैदानावर एक स्थिर केंद्र, त्याचा रेडिओ प्रक्षेपक, प्रत्येक गाडीत रिसीव्हर, दुरुस्ती झेलणारा रेडिओ आणि पडदा, शिवाय प्रत्येक ग्रीन, वाळूचा बंकर आणि पाणवठ्याचे आगाऊ मोजमाप, एवढा सरंजाम लागे. हा सरंजाम एकटा खेळाडू विकत घेऊ शकत नव्हता आणि खांद्यावर वाहूही शकत नव्हता. तो मैदान चालवणारा क्लबच घेऊ शकत होता, आणि क्लबच्या मालकीची, मैदानाबाहेर न जाणारी, ३६ किंवा ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा संच आयता बाळगणारी वस्तू एकच होती. गाडी जीपीएसकडे गेली नाही. पासंग काढण्याच्या खर्चाने जीपीएसला गाडीकडे ढकलले.

येथे एक जुना धागा जोडावा लागतो, कारण ‘स्थान ठाऊक असलेला बिंदू’ ही कल्पना गोल्फने उपग्रहांकडून उसनी घेतलेली नाही. स्कॉटलंडच्या किनारी मैदानांवर अंतराच्या आकड्याला फारसे मोल नव्हते; कडक जमिनीवर चेंडू घरंगळत जाई, वारा क्षणोक्षणी बदले, आणि कॅडीचा, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचा, अंदाज हाच शास्त्र समजला जाई. आकड्याचे वेड अमेरिकेत वाढले. १९५० च्या दशकात जीन अँड्र्यूज आणि डीन बीमन या हौशी खेळाडूंनी पावलांनी अंतरे मोजून वहीत उतरवण्याची पद्धत पाडली, बीमनच्या सल्ल्यावरून जॅक निक्लॉसने १९६१ च्या पेबल बीच येथील अमेरिकी हौशी स्पर्धेत ती वापरली आणि स्पर्धा जिंकली, आणि त्यानंतर ती वही व्यावसायिक खेळाडूंच्या मागच्या खिशात कायमची जाऊन बसली. सामान्य खेळाडूसाठी १०० यार्डांवर लाल, १५० वर पांढरी आणि २०० वर निळी खूण आली.

यांपेक्षा कितीतरी दाट खुणा मात्र भलतीकडूनच मिळाल्या. फेअरवेला, म्हणजे पहिला फटका मारायची जागा (टी) आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, पाणी देण्यासाठी जमिनीत पुरलेल्या स्वयंचलित स्प्रिंकलरच्या तोट्या मैदानभर पसरल्या, आणि त्यांच्या झाकणांवर ग्रीनपर्यंतचे अंतर कोरण्याची प्रथा पडली. तोटी जागची हलत नाही, गवत कापणारे यंत्र तिच्यावरून खुशाल जाते, आणि दर थोड्या अंतरावर एक सापडतेच. नळकाम करणाऱ्यांनी नकळत भूमापनाचे जाळे घालून दिले होते. येथे एक तर्क पुढे नेण्याजोगा आहे. भरपूर पाण्याने ग्रीन मऊ झाल्या, चेंडू पडतो तेथेच थांबू लागला, आणि त्यामुळे हवेतून नेमके किती अंतर जायचे हा प्रश्न पूर्वी नव्हता इतका महत्त्वाचा झाला. म्हणजे ज्या पाण्याने आकड्याची गरज निर्माण केली त्याच पाण्याच्या तोटीने तो आकडा पुरवला. हा तर्क सर्वस्वी सिद्ध करता येणार नाही, कारण चेंडू आणि क्लब यांतले बदलही त्याच काळात घडले, पण कोरड्या जमिनीवरच्या खेळात आकडा मागे राहिला आणि ओल्या जमिनीवरच्या खेळात तो पुढे आला ही संगती निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे अवघड आहे. गाडीतला पडदा एका अर्थाने त्या तोट्यांचाच वारस आहे: त्याच्या पोटातला नकाशाही आधी मोजून ठेवलेल्या बिंदूंचाच बनलेला असतो.

या मांडणीला प्रतिस्पर्धी आहेत. पहिला पक्ष म्हणतो की हे उपकरण तोफखान्याच्या अंतरमापकाचे वंशज आहे, आणि ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीच्या नौदलासाठीच्या अंतरमापकांपासून आजच्या लेझर दुर्बिणीपर्यंत एक अखंड ओळ दाखवतो. ही ओळ खरी असली तरी ती दुसऱ्या घराण्याची आहे. लेझर दुर्बीण लक्ष्याकडे पाहते, तिला मैदानाची काहीच माहिती लागत नाही आणि झेंडा दिसेनासा झाला की ती गप्प बसते. जीपीएसला लक्ष्य दिसतच नाही, त्याला फक्त जमीन आधीपासून ठाऊक असते. दोघे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

दुसरा पक्ष अधिक तगडा आहे. त्याच्या मते कारण एवढेच की अमेरिकी खेळाडू चालत नाही, गाडीतून हिंडतो. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे १९५४ मध्ये इ-झेड-गो कंपनी सुरू झाल्यानंतर गाड्यांनी कॅडींना हळूहळू हटवले, गाडीचे भाडे क्लबांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बनले, आणि पडदा बसवून भाडे वाढवणे हा साधा व्यापारी हिशेब होता. या पक्षातले बरेच मान्य करावे लागते. गाड्यांचा सुळसुळाट नसता तर ढकललेल्या जीपीएसला आसरा मिळाला नसता. पण या पक्षाला एका गोष्टीचे उत्तर देता येत नाही. हेलकावे थांबल्यावर यंत्र गाडीतून खाली का उतरले? राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी घोषणा केली, त्याच रात्री चूक बंद झाली, सामान्य रिसीव्हर एका दिवसात साधारण दहापट अचूक झाला, आणि पुढच्या काही वर्षांत मिसिसिपीतील स्कायहॉक कंपनीचा स्कायकॅडी हा हातात धरायचा अंतरमापक मैदानावर आला, त्यामागोमाग मनगटी घड्याळे आणि फोन आले. अमेरिकी माणसाने त्या वर्षी चालायला सुरुवात केली नव्हती. पासंग काढण्याची गरज तेवढी संपली होती.

नियमांचा पुरावाही याच बाजूला झुकतो. अंतर मोजणारी साधने स्पर्धेत पूर्वी चालत नसत. २००६ पासून स्थानिक नियमाने परवानगी देण्याची मुभा मिळाली, आणि २०१९ मध्ये उलट झाले, म्हणजे ती सर्वसाधारणपणे चालतात आणि बंदी घालायची तर स्थानिक नियम करावा लागतो. १९९० च्या दशकातला पडदा तेव्हा स्पर्धकासाठी नव्हताच. तो भाडे भरून एक दिवस खेळायला येणाऱ्या पाहुण्यासाठी होता, आणि त्याला पाहुणा व त्याची गाडी हीच गिऱ्हाइके होती.

राहतो तो शेवटचा आणि रास्त आक्षेप: चुकीने यंत्र गाडीत ढकलले असेल, तर चूक गेल्यावर गाड्यांमधले पडदे उतरायला हवे होते, आणि ते उतरले नाहीत. याचे उत्तर पडद्याच्या एका उघड दोषात सापडते. पडदा चेंडूपासूनचे अंतर सांगत नाही, गाडीपासूनचे सांगतो. ओल्या दिवशी गाड्यांना रस्ता सोडायला मनाई असते. अशा वेळी चेंडू ग्रीनपासून १५० यार्डांवर आणि गाडी त्याच्या थेट बाजूला ५० यार्ड दूर उभी असेल, तर पडदा सुमारे १५८ दाखवतो, म्हणजे जवळजवळ एका क्लबचा फरक. खेळाडूच्या दृष्टीने हा दोष गंभीर आहे, आणि खिशातल्या यंत्राने तो मिटवला. क्लबच्या व्यवस्थापकाला मात्र चेंडू कोठे आहे याच्याशी कर्तव्य नसते. कोणती गाडी कोठे आहे, कोणत्या चौकडीने मागच्यांना खोळंबून ठेवले आहे, कोणी ग्रीनवर चाके चढवली, हेच त्याला पाहायचे असते. म्हणून पडद्यामागची यंत्रणा हळूहळू गाड्यांच्या ताफ्यावर नजर ठेवणारी झाली. मनाई केलेल्या हद्दीजवळ गाडी पोहोचली की तिचा वेग आपोआप उतरतो, पडद्यावरूनच न्याहारी मागवता येते, जाहिराती येतात. २००७ मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केले की जीपीएसच्या पुढच्या पिढीच्या उपग्रहांत चूक मिसळण्याची सोयच ठेवली जाणार नाही, २०२० मध्ये तटरक्षक दलाने दुरुस्ती प्रसारित करणारी उरलीसुरली केंद्रे बंद केली, आणि गाडीतला पडदा या दोघांच्याही मागे राहिला, कारण तोवर त्याचा खरा मालक बदललेला होता.