दोन डॉलर छप्पन्न सेंटची चूक

पुस्तकाच्या अखेरीस शुद्धिपत्र जोडण्याची प्रथा जुनीच आहे. परंतु त्यातील प्रत्येक दुरुस्तीसाठी लेखकाने पदरचे पैसे मोजावेत, हे विरळा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी ते केले. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या त्यांच्या ग्रंथमालेतील चूक प्रथम दाखवणाऱ्यास ते २.५६ डॉलरचा धनादेश पाठवीत. २५६ सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीतले पूर्ण शंभर. चूक गणिताची असो, इतिहासाची असो, की मुद्राराक्षसाचा विनोद असो, दर एकच.

१९७७ मध्ये या मालेतील दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. गणिती मजकुराची जुळणी इतकी निराशाजनक होती, की त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहावयास घेतला. तोच ‘टेक’. भारतीय विद्यापीठांत आज भौतिकशास्त्राचे व गणिताचे असंख्य प्रबंध ज्या ‘लाटेक’मध्ये लिहिले जातात, ते याच टेकवर उभे आहे.

१९७८ मध्ये चाचणी सुरू होताच नूथ प्रत्येक दुरुस्ती वहीत टिपू लागले. दहा वर्षांत नोंदी साडेआठशेच्या वर गेल्या. १९८९ मध्ये त्यांनी ही संपूर्ण यादी शोधनिबंधाला जोडून प्रसिद्ध केली आणि चुकांचे पंधरा वर्ग पाडले: कुठे कार्यपद्धतीच चुकलेली, कुठे निव्वळ घोडचूक, कुठे केवळ टंकनदोष. नामवंत संशोधकाने आपल्या चुकांचा ताळेबंद असा चव्हाट्यावर मांडणे, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती.

यामागे एक विचार होता. नूथ यांच्या पद्धतीत प्रोग्रॅम आणि त्याचे स्पष्टीकरण एकाच फाइलमध्ये लिहिले जाई; तिच्यातूनच यंत्रासाठी आज्ञावली आणि माणसासाठी वाचनीय ग्रंथ, असे दोन्ही तयार होत. १९८६ मध्ये टेकची संपूर्ण आज्ञावली पुस्तकरूपाने बाहेर पडली. जेथे स्पष्टीकरण हा प्रोग्रॅमचाच भाग, तेथे स्पष्टीकरणातील चूक दुय्यम कशी ठरावी? यंत्र बरोबर चालते, पण माहितीपुस्तिका चुकीचे सांगते. अशा वेळी नवशिक्या वापरकर्ता दोष स्वतःलाच देतो आणि काम सोडून देतो. म्हणूनच ती चूक कळवणारा वाचक प्रोग्रॅमच्या घडणीत सहभागी असतो.

अशा दुरुस्तीचे मोल भारतीय वाचकाला एका उदाहरणावरून सहज कळेल. १९८५ मध्ये ‘हिस्टोरिया मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात परमानंद सिंह यांचा निबंध आला. फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाणारी संख्यामाला त्याच्याआधी भारतीय छंदःशास्त्रज्ञांना ज्ञात होती, हे त्यात साधार मांडले होते. नूथ यांच्या पहिल्या खंडाच्या १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीत गोपाल आणि हेमचंद्र यांचा उल्लेख याच निबंधाच्या आधारे आहे. तळटीपेएवढा मजकूर, पण श्रेय योग्य ठिकाणी पोहोचले.

टेकमधील चुकीचे बक्षीस दरवर्षी दुप्पट होत अखेर ३२७.६८ डॉलरवर स्थिरावले. तरी पुष्कळ धनादेश वटवलेच गेले नाहीत. लोकांनी ते चौकटीत लावून भिंतीवर टांगले. २००८ मध्ये धनादेशांवरील खातेक्रमांकाच्या गैरवापरामुळे नूथ यांनी खरे धनादेश बंद करून एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. चुका कळवणारे थांबले नाहीत.

टेकची आवृत्ती आता ३.१४१५९२६५३ आहे, प्रत्येक दुरुस्तीफेरीगणिक पायचा एक अंक वाढतो. या फेऱ्या २००३, २००८, २०१४ आणि २०२१ मध्ये झाल्या. दर वेळी अंतर एका वर्षाने वाढते. पुढची फेरी २०२९ मध्ये. तोवर आलेली प्रत्येक तक्रार स्वयंसेवक तपासून ठेवतात, मग ती एका स्वल्पविरामाची का असेना.