हवाली

'हवालदार' हा शब्द आपण आज इतका सैल वापरतो की खाकीतला कोणीही हवालदार होतो. मुळात 'हवाला' म्हणजे सोपवलेले आणि 'दार' म्हणजे ते बाळगणारा. शिवकालीन गडावर दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराकडे असत. इंग्रजी अमदानीत तोच शब्द घसरत हेड कॉन्स्टेबलच्या बाहीवरील फितींवर येऊन थांबला.

अधिकार मात्र तितका घसरला नाही. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ठाण्याचा प्रमुख गैरहजर वा आजारी असेल, तर हजर असलेला त्याच्याखालचा अधिकारी प्रमुख ठरे. तो शिपायाहून वरचा असला म्हणजे झाले. म्हणजे हवालदारही पुरे. आडरानातल्या ठाण्यात रात्री हवालदार हेच सरकार असते, असे आम्हांस वाटते ते यामुळे.

देसाईगंज (वडसा) आज गडचिरोलीत आहे; २६ मार्च १९७२ रोजी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या रात्री एक आदिवासी मजूर मुलगी भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आली. वैद्यकीय अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा. जबाब घेऊन एक हवालदार घरी गेला. मागे उरले दुसरा हवालदार तुकाराम आणि एक शिपाई. बाकीच्यांना जायला सांगून तिला थांबवून घेण्यात आले. मग दिवे मालवले, दारे लागली. बाहेर जमाव खवळला, ठाणे पेटवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा घरी गेलेल्या हवालदाराला बोलावून आणले. त्याने लोकांना शांत केले आणि मुलीची फिर्याद लिहून घेतली.

ही फिर्याद आम्हांस फार महत्त्वाची वाटते. सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिपायास पाच वर्षे आणि तुकारामास एक वर्ष शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, हे शिपायाच्या बाबतीतले कारण बहुतेकांना ठाऊक आहे. तुकारामाच्या बाबतीतले कारण क्वचित वाचले जाते: साक्षीत मुलीने त्याच्यावर जे आरोप केले, त्यांतले काही फिर्यादीत शिपायाच्या नावावर होते. भेदरलेल्या मुलीचे बोलणे, हवालदाराच्या लेखणीतून उतरलेले, तेही त्याच ठाण्यात! साहित्याच्या वर्गात आपण निवेदक आणि लेखनिक यांतला भेद शिकवतो. इथे त्या भेदाचा विचार झाला नाही, आणि एक हवालदार सुटला तो दुसऱ्या हवालदाराने लिहिलेल्या कागदामुळे.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३च्या दुरुस्तीने पोलिसांकडून होणारा बलात्कार स्वतंत्र, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला. पोलिसाने आपल्या ताब्यातील स्त्रीशी संबंध ठेवल्याचे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे तिने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचे, असेही ठरले. 'ताबा' हा कायद्याचा शब्द. वडशाच्या बाजारात विचाराल तर 'हवाली' असेच म्हणतील.