तोफेचा गाडा

चेन्नईस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाकडे गावाकडील पाहुणे आले, की त्यांस दाखवावयाची ठिकाणे ठरलेली असतात. समुद्र, मयिलापूरचे कपालीश्वर आणि तंबू चेट्टी रस्त्यावरील काळिकांबाळ मंदिर. शिवछत्रपतींनी येथे देवीचे दर्शन घेतले अशी परंपरा असून 3 ऑक्टोबर 1677 ही तारीखही तेथे नोंदविलेली आहे. आम्ही आजवर कितीतरी पाहुण्यांस तेथे नेले. मात्र तेथून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या सेंट जॉर्ज किल्ल्यात त्याच वर्षी महाराजांची पत्रे आली होती, हे आम्ही कोणास सांगितले नाही. कारण ते आम्हांसच बरीच वर्षे ठाऊक नव्हते. मंदिराच्या कथेस परंपरेचा आधार आहे, पत्रांच्या कथेस कंपनीच्या दप्तराचा.

1677 च्या मे महिन्यात जिंजीच्या रोखाने जाणाऱ्या महाराजांचा मुक्काम मद्रासपासून फार दूर नव्हता. त्यांचा ब्राह्मण वकील किल्ल्यात आला आणि त्याने काही औषधे व विषावरचे उतारे मागितले. गव्हर्नर विल्यम लँगहॉर्न व त्याच्या मंडळाने ती जिन्नसवारी मूल्य न घेता भेटीदाखल पाठविली. कारकुनी पेशातल्या आम्हांस येथे त्या अज्ञात लेखनिकाचे कौतुक वाटते. त्याने सर्व टिपून ठेवले नसते, तर आज आपल्या हाती काय राहिले असते?

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेले पत्र अधिक महत्त्वाचे आहे. कर्नाटकात आपण नवे किल्ले व बुरूज उभारीत आहोत, तेव्हा तोफांचे मोठे गाडे बनविणारे आणि सुरुंग लावून दगडी तट उडविणारे कारागीर तुमच्याकडे असतील तर पाठवावे, असा त्यातील आशय आहे. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने 1931 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कागदपत्रांच्या संग्रहामुळे हा व्यवहार मराठी अभ्यासकांस सुलभ झाला. कंपनीने या वेळी विनयपूर्वक नकार दिला. औषध देण्याने कोणी शत्रू होत नाही, सुरुंग्या देण्याने होतो. आणि भोवतालच्या मुलखावर गोवळकोंड्याची सत्ता होती.

सतरा वर्षांपूर्वी याच कंपनीच्या राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या छावणीत जाऊन पन्हाळ्यावर गोळे टाकले होते व त्याबद्दल पुढे महाराजांच्या कैदेचा अनुभवही घेतला होता. तेव्हा इंग्रज कोण, हे महाराजांस कोणी सांगावयास नको होते. तरीही त्यांनी मागणी केली, यावरून निकड किती होती ते कळते.

निकड वेलोरची होती. खंदकाने वेढलेल्या त्या बळकट कोटास मराठ्यांनी वेढा घातला होता. समोरच्या दोन टेकड्यांवर मोर्चे बांधून त्यांस साजरा व गोजरा अशी नावे दिली, असे सभासद सांगतो. मृत्यूच्या ठाण्यांस असली लाडकी नावे मराठी माणूसच देऊ जाणे! परंतु टेकडीवरून गोळे टाकणे वेगळे आणि तट फोडणे वेगळे. वेलोर सुमारे चौदा महिने झुंजले, आणि 1678 मध्ये हाती आले ते तटास खिंडार पडून नव्हे, तर आतील शिबंदी जेरीस आल्यावर.

महाराजांनी तोफा न मागता गाडे मागितले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. तोफ ओतणारे कारागीर या देशात होतेच. अवघड होते ते तिला चालविणे. वजनदार नळी लाकडी बैठकीवर घालून बैलांच्या लांबच लांब रांगांनी ओढावयाची, चिखलात चाक रुतले की सारे सैन्य थांबवावयाचे, आणि रणात एकदा जेथे ठेवली तेथून हलवावयाची नाही, अशी ती वस्तू. गडावर हे चालते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पावसाळ्यात तोफांना तेलमेण लावावे, कान बुजवावे, अशी घरच्या भांड्यांची घ्यावी तशी काळजी सांगितली आहे. परंतु वाऱ्यावर स्वार होऊन लढणाऱ्या सैन्याशी त्या तोफेचा संसार जमविणे फार कठीण होते.

पेशवाईत सोनोरीच्या पानशांकडे तोफखाना आला आणि त्यांनी 1757 ते 1760 या काळात मल्हारगड बांधला. तथापि मैदानी लढाईतील तोफेची शिस्त आली ती इब्राहिमखान गारद्याबरोबर. तो आधी निजामाकडे होता. उदगीरला त्याच्या तोफांनी यश दिले. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी त्याने शर्थ केली आणि शत्रूच्या हाती पडून प्राण दिला. पुढे महादजी शिंद्यांनी सॅव्हॉयचा द बॉयन्य नेमला व आग्र्यास सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतविल्या. तोफ आता खरोखर उत्तम झाली, गाडाही उत्तम झाला. मात्र हुकूम देणारा परका राहिला.

23 सप्टेंबर 1803 रोजी असईला याची किंमत मोजावी लागली. कंपनीच्या जाहीरनाम्याने शिंद्यांचे इंग्रज अधिकारी आधीच चाकरी सोडून जाऊ लागले होते. तरी मराठी तोफांनी आर्थर वेलस्लीच्या तोफा आरंभीच गप्प केल्या आणि त्याची दीड हजारांहून अधिक माणसे पाडली वा जायबंदी केली. कित्येक गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्याच्या पाठीवर पुन्हा बार काढू लागले. त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आम्हांस कोठे आढळले नाही. संध्याकाळी 98 तोफा वेलस्लीच्या हाती गेल्या.

त्या तोफांवर चालून गेलेल्या देशी पलटणी मद्रासच्या होत्या. म्हणून मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आजही असईचा हत्ती आहे, आणि तिचे केंद्र नीलगिरीतल्या वेलिंग्टन येथे आहे. हे नाव म्हणजे वेलस्लीस पुढे मिळालेली पदवी होय. आमच्या कचेरीत त्या रेजिमेंटातून निवृत्त होऊन आलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या मेजावर तो हत्ती असतो. परवा आम्ही त्यांस असई कोठे आहे ते विचारले. ते हसून म्हणाले, “तुमच्याकडेच की!” जालन्याजवळ, कैलना आणि जुई या नद्यांच्या मध्ये, असे आम्ही त्यांस सांगितले आणि कागदावर नकाशा काढून दिला. तो त्यांनी मेजाच्या काचेखाली, हत्तीच्या शेजारी ठेवला आहे.