लो-इम्पीडन्स गिटार

कमी संरोधाच्या पिकअपवर चालणारी इलेक्ट्रिक गिटार. या प्रकारातल्या सर्वांत प्रसिद्ध गिटारी अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने 1969पासून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत काढल्या. पर्सनल, प्रोफेशनल, रेकॉर्डिंग आणि सिग्नेचर अशी त्यांची नावे असून प्रत्येकीच्या पुढे ‘लेस पॉल’ हे नाव लागते. त्या काळी त्यांचा खप बेताचाच राहिला. आज त्या जुन्या वाद्यांच्या बाजारात मिळतात, पण विकत घेणाऱ्याला वाद्याबरोबर त्याची वायर, ट्रान्सफॉर्मर आणि जोडणीची पद्धतही सांभाळावी लागते.

तत्त्व. इम्पीडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, अर्थात संरोध. पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावली की या वेढ्यांत क्षीण वीजदाब निर्माण होतो. वेढे जितके जास्त तितका दाब जास्त, म्हणून हंबकर या नेहमीच्या दोन कॉइलच्या पिकअपच्या एकेका कॉइलवर केसासारख्या तारेचे सुमारे 5,000 वेढे घालतात. त्यामुळे आवाज जोरकस होतो, पण संरोधही वाढतो आणि त्याची किंमत वायरीत मोजावी लागते. गिटारच्या वायरीत दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स) असते. साडेचार हेन्रीचा पिकअप 6 मीटर वायरीला जोडला, तर त्याचा अनुनाद (रेझोनन्स) 3,000 हर्ट्झच्या आसपास येतो. वायर 16 मीटर केली की तो 1,900च्या खाली उतरतो. आवाजातली धार निघून जाते आणि सूर कांबळ्याखालून आल्यासारखा वाटतो.

हेच गणित मंडपात माईक लावणाऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. विदर्भाला लागून असलेल्या पांढुर्णा-सौसर भागात, जामसांवलीच्या हनुमान मंदिरासारख्या गर्दीच्या ठिकाणी भजन असले की माईक एका टोकाला आणि मिक्सर दुसऱ्या टोकाला राहतो. मधली वायर जमिनीवरून, सतरंजीखालून, खांबांना वळसे घालत जाते. तरी खंजिरीची छनछन शाबूत पोहोचते, कारण माईकचा संरोध 150 ते 600 ओहमच असतो आणि एवढ्या लांब वायरीची धारिता त्याला फारसे काही करू शकत नाही. त्याच वायरीवर साधी इलेक्ट्रिक गिटार लावली तर सूर मंद होतो आणि जोडीला घरघर येते. लो-इम्पीडन्स गिटार म्हणजे गिटारला माईकची शिस्त लावण्याचा प्रयत्न.

लेस पॉल. हा प्रयत्न ज्याने केला तो लेस पॉल (1915–2009) वादक तर होताच, शिवाय ध्वनिमुद्रणातला हाडाचा कारागीर होता. एकावर एक आवाज चढवत जाणारे ध्वनिमुद्रण लोकप्रिय करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. अँप्लिफायरपुढे माईक न ठेवता गिटार थेट मुद्रणाच्या टेबलात जोडायची, हा त्याचा हट्ट, आणि टेबलाचे इनपुट कमी संरोधाचे असे. त्यामुळे तो स्वतःच्या गिटारींना स्वतःच गुंडाळलेले पिकअप बसवत असे. त्याच्या नावाची पहिली गिटार गिब्सनने 1952मध्ये काढली होती, पण तिच्यावर पिकअप नेहमीच्या उच्च संरोधाचे होते. मनासारखी गिटार बाजारात यायला आणखी 17 वर्षे गेली.

नमुने. 1969च्या पर्सनल आणि प्रोफेशनल या दोन्ही गिटारी नेहमीच्या लेस पॉलपेक्षा अंगाने मोठ्या होत्या. वीजदाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर त्यांच्या खास वायरीत, अँप्लिफायरकडच्या टोकाला बसवलेला असे. पर्सनलच्या वरच्या कडेला तर माईक जोडण्यासाठी स्वतंत्र जागा होती, म्हणजे गाणाऱ्याने गिटारमध्येच माईक खोचावा अशी कल्पना. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. शिकागो या बँडचा गिटारवादक टेरी कॅथ याने प्रोफेशनल काही काळ वाजवली.

1971मध्ये आलेल्या रेकॉर्डिंग या गिटारमध्ये ट्रान्सफॉर्मर पोटातच गेला आणि हाय की लो हे ठरवायला स्विच मिळाला. सोय झाली, पण मूळ मुद्दा अर्धा निसटला. स्विच हायवर असला की ट्रान्सफॉर्मरच्या पुढची वायर पुन्हा उच्च संरोधाचीच होते आणि लांब वायरीचा फायदा बराचसा जातो. तांत्रिकदृष्ट्या 1969ची मांडणी अधिक चोख होती, मात्र कोणत्याही अँप्लिफायरला साध्या वायरीने जोडता यावी ही वादकाची गरज 1971च्या मांडणीने ओळखली. 1973ची सिग्नेचर ही अर्धपोकळ, दोन्ही खांद्यांना वेगवेगळा आकार असलेली गिटार. तिला हाय आणि लो यांसाठी दोन वेगळी सॉकेट होती. याच तत्त्वावर बास गिटारीही निघाल्या.

रेकॉर्डिंगच्या दर्शनी पट्टीवर इतके नॉब आणि स्विच आहेत, की पहिल्यांदा हातात घेणारा तार छेडण्याआधी पट्टीच न्याहाळतो. आवाज, ट्रेबल आणि बास यांच्या जोडीला डेकेड नावाचा 11 घरांचा स्विच आहे. तो फिरवला की वेगवेगळी धारित्रे जोडली जातात आणि ट्रेबलचा पोत टप्प्याटप्प्याने बदलतो. फेज उलटा करण्याचा स्विच निराळाच. आवाज स्वच्छ आणि विस्तीर्ण, काहीसा पियानोच्या अंगाने जाणारा. रॉकच्या वादकांना तेव्हा हवी होती अँप्लिफायर कण्हायला लावणारी ताकद, आणि ही गिटार ती सहजी देत नाही.

बाळगणे. जुनी लो-इम्पीडन्स गिटार दुरुस्तीला दिली की पहिला घोटाळा मल्टिमीटरवर होतो. साध्या हंबकरचा रोध 7–8 किलोओहम येतो, इथे काटा ओहमांतच राहतो. कॉइल शॉर्ट झाली असे समजून मेकॅनिक चांगला पिकअप काढून टाकतो. त्या जागी साधे पिकअप बसले की पुढची सगळी जोडणी निरुपयोगी ठरते आणि वाद्याची किंमतही उतरते. म्हणून विकत घेताना झाकण उघडून ट्रान्सफॉर्मर (तो पोटात असेल तर) मूळचा आहे का, डाग पुन्हा दिलेले दिसतात का, हे पाहणे भाग असते. डेकेडचा स्विच पडून राहिल्याने खरखरतो, पण पुष्कळदा काँटॅक्ट क्लीनरने सुधारतो.

पर्सनल किंवा प्रोफेशनलची खास वायर हरवलेली असेल तर आवाज अगदी कुजबुजल्यासारखा येतो. त्यावर सोपा उपाय आहे. माईकसाठी मिळणारा इनलाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर अँप्लिफायरच्या तोंडाशी लावला की काम भागते. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे गुणोत्तर दहापट असेल तर दाब दहापट वाढतो आणि संरोध शंभरपट. मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेस असेल तर गिटार (रेकॉर्डिंग असेल तर स्विच लोवर ठेवून) थेट माईकच्या इनपुटात जोडता येते. तेव्हा त्या इनपुटाचा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा बंद ठेवावा, नाहीतर सरळ प्रवाह कॉइलमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरू शकतो.

पोटात बॅटरी नसल्याने या गिटारी वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी सेल फुटून गंज चढण्याची भीती नसते. याउलट कमी वेढ्यांचा पिकअप आणि 9 व्होल्टच्या सेलवरचा छोटा अँप्लिफायर अशी जोडी अलेंबिक, ईएमजी यांसारख्या कंपन्यांनी पुढे रूढ केली. कमी संरोध हवा असणाऱ्यांनी अखेर तो मार्ग पत्करला.

पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात उन्हाळ्याचा कोरडेपणा लाकडाला जाचतो. शिसवी फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके बोटाला टोचू लागतात. 40 ते 55 टक्के आर्द्रता राखलेल्या पेटीत गिटार ठेवली तर हे टळते. महोगनीची मान डोक्याजवळ सहज मोडते, त्यामुळे तिथे जुना जोड आहे का हे उजेडात तिरके धरून पाहावे लागते. गिटारबरोबर त्या काळचा अमेरिकी अँप्लिफायर आला असेल तर तो 110–120 व्होल्टचा असण्याचीच शक्यता अधिक. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावता येत नाही.