कळीच्या टोपीतलं कूळ

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरमध्ये निलगिरी फुलली की झाडाखाली बारीक टोकदार टोप्यांचा सडा पडतो. त्यातली एक टोपी उचलून नीट पाहावी. झाडाचं कूळ तिच्यात आहे, आणि ते नीलगिरी पर्वतापर्यंत जात नाही.

निलगिरीच्या फुलाला सुट्या पाकळ्या नसतात. कळीवर त्यांचंच एकजीव झाकण बनतं. आतले पुंकेसर फुलू लागले की झाकण गळतं आणि पांढरा झुबका मोकळा होतो. मधमाश्या येतात त्या त्याच्यासाठी. 1777 मध्ये जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीत टास्मानियालगतच्या ब्रूनी बेटावरून अशा झाडाची फांदी लंडनला गेली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने 1788 मध्ये तिच्यावरून ‘युकॅलिप्टस’ ही प्रजाती नोंदवली. नाव या झाकणावरूनच पडलं.

झाकणाची घडण जातीगणिक वेगळी असते. उटीच्या थंडीत इंग्रजांनी 1843 च्या सुमारास आणली ती ‘ग्लोब्युलस’ जात. तिथे पुढे जळणासाठी तिची रानं उभी केली. तिची कळी बहुधा एकेकटी, मोठी, कंगोरेदार, खडबडीत आणि निळसर मेणाची पूट चढलेली असते. सर्दीवर हुंगतो ते तेल मुख्यतः हिच्या पानांचं, आणि डोंगराचं नाव झाडाला चिकटलं तेही हिच्यामुळेच. पण हिला डोंगराळ गारवा लागतो. पारा 45 अंशांकडे सरकतो त्या गोंदियाच्या उन्हाळ्यात ती टिकायची नाही.

पूर्व विदर्भाच्या सपाटीवर दिसते ती बहुतेक ‘टेरेटिकॉर्निस’ किंवा तिच्या रक्ताची. कळ्या लहान, साधारण सात ते अकराच्या घोसात. झाकण खालच्या पेल्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, शिंगासारखं निमुळतं. साल पट्ट्यांनी सुटते आणि खालून गुळगुळीत, पांढुरकं-करडं खोड उघडं पडतं. कोवळी पानं रुंद, जून पानं कोयत्यासारखी बाकदार. ती खाली लोंबतात, म्हणून दुपारच्या उन्हाला पानाची कड सामोरी जाते आणि झाडाची सावली विरळ पडते. सिडनी परिसरातल्या नमुन्यावरून जेम्स एडवर्ड स्मिथने 1795 मध्ये या जातीचं वर्णन केलं. पूर्व ऑस्ट्रेलियापासून थेट उष्ण न्यू गिनीपर्यंत ती आपसूक वाढते. इथलं ऊन तिला परकं नाही.

भारतातलं तिचं माहेर म्हणजे बंगळूरजवळचा नंदीदुर्ग. टिपू सुलतानाच्या तिथल्या बागेत 1790 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून आलेलं बी पेरलं गेलं, असं मानलं जातं. अनेक जाती शेजारी वाढल्या, परागांची सरमिसळ झाली, आणि त्यातून ‘म्हैसूर गम’ निघाली. 1950 नंतर म्हैसूर राज्याने तिची मोठी लागवड केली आणि बी देशभर पसरलं. महाराष्ट्रात 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणाने तिला रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीवर नेलं. नाशिककडे विनायकदादा पाटलांनी निलगिरी उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली. कागद गिरण्यांना लगदा हवा होता, बांधकामाला बल्ल्या.

मिश्र बियाची झाडं मात्र सारखी निघत नसत. एक सरळ, दुसरं वाकडं. भद्राचलमच्या कागद कारखान्याने 1989 पासून निवडक झाडांच्या फांद्यांपासून रोपं करायला घेतली. हल्ली रोपवाटिकेत ‘क्लोन’ मागतात ती हीच. त्यांतल्या काहींत नदीकाठच्या ‘कमाल्डुलेन्सिस’चंही रक्त आहे, तिच्या कळीचं झाकण आखूड, चोचदार असतं.

निलगिरी पाणी पिते की नाही, यावर अजून कडाडून भांडण होतं. मला वाटतं, भांडणाआधी कोणती जात, कोणती जमीन आणि किती दाट लागवड, हे विचारायलाच हवं. विरळ पावसाच्या कोलार-चिक्कबळ्ळापूर पट्ट्यात, म्हणजे नंदीदुर्गाच्याच पायथ्याशी, शेतंच्या शेतं तिने भरली आणि 2017 मध्ये कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदी घातली. गोंदियाकडे पाऊस बरा, पण इथलं मुख्य पीक धान. धुऱ्यावर निलगिरीची रांग लावली तर मुळं बांधीत शिरतात आणि कडेचं धान खुरटतं. शिवाय ती एकदा तोडून संपत नाही. बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात आणि काही वर्षांत दुसरी तोड तयार होते. धुऱ्यावर लावणाऱ्याने हा हिशेब रोप आणण्याआधीच करावा.