एका किलोची कुळकथा

आषाढात माउलींची पालखी बरडहून नातेपुत्याला मुक्कामी येते. राहुट्यांपुढे पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात. एखादा चार भाकऱ्या चुरतो, शेजारचा दीड भाकरीवर हात धुतो. एकादशीला उपास, द्वादशीला पारणं. खाणं रोज वरखाली होतं, वजन मात्र त्या मापाने हेलकावत नाही.

‘7700 कॅलरी कमी खा, किलो उतरेल’ हा हिशेब अमेरिकी डॉक्टर मॅक्स विश्नोफ्स्की यांचा. 1958 मध्ये त्यांनी पौंडाला 3500 कॅलरी धरल्या. किराणा दुकानाच्या वहीसारखंच हे: जमेतून खर्च वजा, उरेल ती चरबी.

भुकेचं मोजमापही ठरावीक आकड्यावरच चाललं होतं. 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज 2250 कॅलरींवर दारिद्र्याची रेषा आखली. तिला हरकत घेतली पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. साताऱ्याकडच्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ रोमला अन्न व शेती संघटनेत काम करून पुण्यात परतले होते. ब्रिटिश सैनिकांच्या रोजच्या खाण्याच्या आणि खर्चाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रोजचे चढउतार सुटे सुटे असते, तर आठवड्याच्या सरासरीत ते बरेचसे विरले असते. तसे ते विरत नव्हते. विरजणासारखी कालची शिल्लक आजच्यात मुरलेली होती! आजचा ताळा म्हणजे कालच्या ताळ्याचा काही अंश, अधिक आजची नवी भर. शेल्डन मार्गेन यांच्यासोबत 1982 मध्ये त्यांनी हे मांडलं. शरीर स्वतःला सावरतं, म्हणून उपासमारीची रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. इथे मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. माळशिरस तालुक्यात उसाच्या फडावर मोळ्या वाहणारी बाई कमी भाकरीवर तगते खरी, पण त्याची किंमत तिची ताकद मोजते, तिच्या पोटातलं बाळ मोजतं. तगणं म्हणजे धडधाकट असणं नव्हे. तरीही शरीर म्हणजे कोरडी वही नाही, हे सुखात्म्यांचं म्हणणं मोलाचंच.

2011 मध्ये अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटाने वजनाचं नवं गणित मांडलं. वजन उतरू लागलं की शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. रोज 24 कॅलरी कायमच्या कमी केल्या, तर अखेरीस सुमारे एक किलो उतरतं: निम्मं पहिल्या वर्षात, उरलेलं बहुतेक पुढच्या दोन वर्षांत. जुन्या वहीत तोच किलो साडेदहा महिन्यांत उतरायचा. 24 कॅलरी म्हणजे चहातली दीड चमचा साखर.