नाणं टाका, गाणं ऐका

मंडळी, पिंपळगाव राजात ज्यूकबॉक्सवर व्याख्यान म्हटल्यावर तुमच्या मनात पहिला प्रश्न येणारच, की या यंत्राचा आणि आपला संबंध काय? संबंध आहे. तो यंत्राचा नाही, फर्माइशीचा आहे.

23 नोव्हेंबर 1889 ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका गुत्त्यात लुई ग्लास यांनी एडिसनचा फोनोग्राफ ठेवला आणि त्यात नाणं टाकायची सोय केली. आवाज मोठा करायचं साधन तेव्हा नव्हतं. यंत्राला चार नळ्या. नाणं टाकायचं आणि नळी कानाला लावायची. म्हणजे ज्याचं ऐकणं त्याच्यापुरतं. 1927 च्या सुमारास विजेवर मोठ्यानं वाजणारी, हवी ती रेकॉर्ड निवडू देणारी यंत्रं आली आणि सगळा मामलाच बदलला. पैसे एकाचे, निवड एकाची, पण गाणं सगळ्यांचं!

त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकांना रेडिओवर फारशी जागा मिळत नसे. त्यांच्या वस्तीतल्या यंत्रात मात्र त्यांच्याच रेकॉर्ड वाजत. तिथं गिऱ्हाइकाचं नाणं बोलायचं. ‘ज्यूक’ हे नावसुद्धा त्यांच्याच नाचगाण्याच्या अड्ड्यांवरून आलं.

आपल्याकडे हे यंत्र मुंबईसारख्या शहरातल्या हॉटेलांत रमलं. इराणी हॉटेल म्हणून सुरू झालेलं कुलाब्याचं कॅफे मोंडेगार ज्यूकबॉक्ससाठीच ओळखलं जातं. खेड्यापर्यंत हे महागडं, विजेवरचं धूड कुठून येणार? पण आवडीचं गाणं चारचौघांत वाजावं ही हौस खेड्यातही होतीच की.

ती हौस रेडिओनं भागवली, पण सहजासहजी नाही. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, शास्त्रीय संगीताचा चाहता. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण चित्रपटगीतं आकाशवाणीवरून हद्दपार झाल्यासारखी झाली. मग लोकांनी काय केलं? भांडण नाही, मोर्चा नाही. सरळ रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोचली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावीच लागली.

पुढं फर्माइशीचं पोस्टकार्ड हेच आपलं नाणं झालं. गाणं तर वाजायचंच, वर आपलं आणि गावाचं नावही पुकारलं जायचं!

लोकांनी काय ऐकावं हे जाणत्यांनी ठरवायचं की ऐकणाऱ्यानं, हा वाद जुनाच आहे. ज्यूकबॉक्सनं त्यात ऐकणाऱ्याच्या बाजूनं कौल दिला. म्हणून त्याची ओढ टिकली.

आज मोबाइलवर हवं ते गाणं मिळतं, पण इअरफोन लावून आपण पुन्हा 1889 च्या नळीवर आलोय. तरी वरातीत बघा. खिशात मोबाइल असलेला पोरगा गर्दीतून वाट काढत डीजेवाल्याकडे जातो, “भाऊ, आपलं ते गाणं लाव ना.” त्याला ते एकट्याला ऐकायचं नसतं, सगळ्यांना ऐकवायचं असतं.